आईच्या हाताचं सुधारित मॉडेल

१

सकाळी साडेनऊला मी आईला हाताला धरून कारखान्यात आणायचे. पुढच्या दाराला तीन पायऱ्या होत्या, म्हणून मागच्या उतारावरून. स्वेटर खुंटीला, उशी खुर्चीवर, चष्मा पुसून नाकावर. मग टेबलावरचं पहिलं मशीन सुरू करायचं. पडद्यावर 'तयार' हा शब्द उमटला की आई स्वतःच खुर्ची पुढे ओढून घ्यायची आणि चाळीस ओळी न अडखळता टाइप करायची.

विस्मृतीच्या आजाराला दोन वर्षं झाली होती. बोलणं जवळजवळ आटलं होतं. मी कोण हे तिला काही दिवशी माहीत असायचं, काही दिवशी नाही. पण याच इमारतीत तिने बावीस वर्षं तपासनीस म्हणून काढली होती. इथून बाहेर पडलेल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर तिने त्या चाळीस ओळी टाइप केल्या होत्या. सगळी अक्षरं, सगळे अंक, सगळी चिन्हं, ठरावीक क्रमाने. त्या ओळींना अर्थ नव्हता, आणि त्याच तेवढ्या तिच्याजवळ उरल्या होत्या.

तो छोटा, साईच्या रंगाचा, घरच्या टीव्हीला जोडायचा कॉम्प्युटर एके काळी घराघरांत होता. दादा त्याच्यावरच शिकला. मग कारखाना बंद पडला, साचे ताडपत्रीखाली गेले. मी दूर शिकायला गेले, तिथेच नोकरीला लागले, आणि तीन वर्षं अशा चिप बनवल्या ज्या माणूस कुठल्या जाहिरातीकडे किती क्षण बघतो ते मोजतात. एके दिवशी मला त्याची किळस आली. मी परत आले ते एकच गोष्ट ठरवून: मुलांच्या हातात असं यंत्र द्यायचं जे त्यांच्यावर नजर ठेवत नाही. त्यांनी काही लिहावं म्हणून शांतपणे वाट बघणारं. जुनंच खोकं, आत नवा बोर्ड. सुधारित मॉडेल. अकरा शाळांनी मिळून तीनशे नग मागितले होते आणि सहामाही संपायच्या आत ते पोचवायचे होते.

दादाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, जग पुढे चाललंय आणि आमच्या बाईसाहेब रिव्हर्स गिअर टाकून आल्यात. पण आई दिवसभर कुठेतरी बसेल, हात हलते राहतील, म्हणून त्याने होकार दिला. डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं.

२

अडचण कीबोर्डची होती. बटणांखालची रबराची गादी स्वस्तातली होती. एकदा दाबलं की दोनदा अक्षर उमटायचं. खरा दाब कुठला आणि रबराची थरथर कुठली, हे चिपला शिकवायला हवं होतं, आणि त्यासाठी एक पक्कं माप हवं होतं: माणसाचं बोट बटणावर नेमकं किती वेळ टेकतं.

मला वाटलं, आईपेक्षा चांगलं माप कुठे मिळणार? एका दुपारी मी तिच्या चाळीस ओळी मोजून घेतल्या. प्रत्येक बटण, प्रत्येक बोट, सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत. ते आकडे चिपमध्ये भरले आणि दुहेरी अक्षरं साफ थांबली. मी आनंदाने आईच्या गालाचा मुका घेतला.

फोरमनकाका बाजूला उभे होते. सत्तरी ओलांडलेले, कारखाना बंद झाल्यावरही साच्यांना दर महिन्याला तेल लावत आलेले. सगळे त्यांना फोरमनच म्हणायचे, त्यांची बायकोसुद्धा. त्यांनी विचारलं, प्रत्येक नग तपासणार कोण? मी म्हटलं, आईच. पहिल्यापासून शेवटपर्यंत. नमुनाही तीच आणि तपासनीसही तीच.

काका बराच वेळ कापसाने हात पुसत राहिले. मग त्यांनी भिंतीजवळचं काचेचं कपाट दाखवलं. पूर्वी तिथे नमुना ठेवायचे, पहिला बिनचूक नग. कपाटाला लाखेचं सील. वर्षातून दोनदा साहेबांच्या समोर काढायचा, माप जुळवायचं, परत ठेवायचा.

"नमुना रोज वापरायचा नसतो, पोरी," ते म्हणाले. "वापरला की झिजतो. त्याच्यावरून पोटमाप काढायचं, रोजचं काम त्याने करायचं, नमुन्याला हात लावायचा नाही."

मी हसले. म्हटलं, काका, ते लोखंडाला ठीक आहे. ही माझी आई आहे.

त्यांनी वाद घातला नाही. फोरमनला वाद घालायची सवय नसते. तो एकदा सांगतो.

३

एक्केचाळिसाव्या नगावर मी सहज म्हणून स्वतः टाइप करून पाहिलं. समोर तपासणीचा कागद ठेवून, एका बोटाने, चुकतमाकत. सोळा ओळी नीट गेल्या. सतराव्या ओळीच्या मध्यावर मी बटण दाबलं आणि अक्षर आलं नाही. दीड-दोन सेकंद पडदा तसाच राहिला. मग अक्षर आलं आणि पुढचं सगळं सुरळीत झालं.

मी पुन्हा केलं. पुन्हा तिथेच. दुसरं मशीन घेतलं, तिसरं घेतलं. प्रत्येक यंत्र सतराव्या ओळीवर तेवढंच थबकत होतं.

आई तिथे थांबायची हे मला माहीत होतं. सतराव्या ओळीच्या मध्यावर तिचा उजवा हात उठायचा, कपाळावरची बट कानामागे सारायचा आणि परत यायचा. मी लहान असल्यापासून ती स्वयंपाक करताना, पत्र लिहितानाही तसं करायची. पण मी फक्त बोट बटणावर किती टेकतं ते मोजलं होतं. दोन बटणांमधला वेळ मी मोजलाच नव्हता. जे घेतलंच नाही ते यंत्रात येणार कुठून?

मी कारणं शोधली. चिपची जागा त्या ओळीपाशी भरत असेल. आकड्यांचा तक्ता तिथे उलटत असेल. रात्री घरी बसून मी कागदावर तीन शक्यता लिहिल्या आणि सकाळी तिन्ही खोट्या ठरल्या.

त्या थबकण्यात एक आवाजही होता. यंत्रात नाण्याएवढा स्पीकर आहे. त्याला कान लावला तर त्या दीड सेकंदात हवा सुटल्यासारखा बारीक सुस्कारा ऐकू यायचा. ट्रान्सफॉर्मर तसा आवाज करतो. मी स्वतःला हे पुष्कळदा सांगितलं.

मग साडेनऊ वाजले, मी आईला खुर्चीवर बसवलं आणि बाजूला उभी राहून पाहत होते. सतरावी ओळ आली. बट डोळ्यावर आली होती. आईचा हात उठला नाही. ती तशीच, डोळ्यांत केस घेऊन, पुढे टाइप करत गेली.

मी पुढे होऊन बट कानामागे सारली. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यानंतर तिने कधीच केस मागे घेतले नाहीत.

४

नव्वदाव्या नगाच्या सुमाराला ती ब्लाउजची बटणं लावेनाशी झाली. एकशे वीसपर्यंत चमचा तोंडापर्यंत नेणं गेलं. एकशे साठला खुर्चीतून स्वतः उठणं. दादा घरी तिचं सगळं करायचा, त्यामुळे काय गेलं हे त्याला माझ्याआधी कळायचं. तो रोज संध्याकाळी दारातच सांगायचा, कामवाली बाई न आल्याची खबर द्यावी तशा सुरात. आज पाण्याचा पेला धरला नाही. आज कुशीवर वळली नाही.

डॉक्टर म्हणाले की हा आजार उतरणीसारखा नसतो, जिन्यासारखा असतो, पायरी आली की खाली. मला ते पटलं. मला ते पटायलाच हवं होतं.

पण कारखान्यात तिचे हात तसेच होते. घरी ज्या बोटांना बटण सापडत नव्हतं तीच बोटं कीबोर्डवर चाळीस ओळी बिनचूक चालायची. दादा एकदा हे पाहायला आला. तो तिच्या मागे उभा राहिला, एक नग होईपर्यंत, मग दुसरा. बाहेर आल्यावर त्याने आधी चप्पल घातली, मग बोलला.

"तिकडे तिला हे जमतं आणि घरी घास धरता येत नाही. मला एवढंच सांग, ती घरी कमी येतेय का?"

मी चिडले. म्हटलं, तू शिकलेला आहेस, असं काय बोलतोस. तो म्हणाला की शिकलेली तू आहेस, मी आईला अंघोळ घालतो.

मी त्याला मुलांबद्दल सांगितलं. जी मुलं दिवसभर फोनवर अंगठा सरकवतात त्यांच्यातल्या तीनशे जणांना तरी कुणीतरी वाट बघणारं मिळेल, असं काहीतरी. मी ते मनापासून बोलले. माझ्या डोळ्यांत पाणीही आलं. दादाने रुमाल दिला आणि तो निघून गेला.

५

एकशे नव्वदाव्या नगानंतर फोरमनकाका यायचे थांबले. मी त्यांच्या घरी गेले. दोन खोल्यांचं नीटनेटकं घर होतं, दाराजवळ हत्यारांची पेटी, तिला कुलूप. त्यांच्या बायकोने चहा दिला आणि फोरमनला ताप आहे म्हणाली. काकांना ताप नव्हता. ते खिडकीशी बसले होते आणि त्यांनी दोन्ही हात काखेत धरले होते, थंडी वाजल्यासारखे.

मी बरंच विचारल्यावर त्यांनी सांगितलं. आदल्या दुपारी मी आईला घरी सोडायला गेले तेव्हा त्यांनी एक नग स्वतः तपासायला घेतला होता. माझं ओझं हलकं व्हावं म्हणून. पाच-सहा ओळी झाल्या.

"बटण खालून वर येतं ते रबराने," ते म्हणाले. "हे रबर नव्हतं. खालून कुणीतरी बोटाला बोट लावत होतं."

मी म्हटलं, गादीची लवचिकता जास्त झाली असेल, मी बघते. त्यांनी मान हलवली. मी उठल्यावर ते एवढंच म्हणाले की तुझी आई कामाला नवी लागली तेव्हा मीच तिला त्या खुर्चीवर बसवलं होतं, आणि तिचे हात मला ओळखू येतात.

६

मी थांबू शकले असते. एकशे दहा नग राहिले होते. मी स्वतः तपासून पाहिलं, तर प्रत्येक नग सतराव्या ओळीच्या पुढे जायलाच नकार देऊ लागला. अक्षरं दुहेरी, तिहेरी. आईला बसवलं की तोच नग पहिल्या फटक्यात पास. सहामाही संपायला पाच आठवडे होते. अकरा मुख्याध्यापकांना मी शब्द दिला होता, आणि परत आल्यापासून लोक माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होते ती मला ओळखीची होती: बघू, किती दिवस टिकतंय.

शिवाय आईला ते आवडत होतं. ती खुर्ची पुढे ओढायची, हे मी स्वतःला रोज सांगायचे. दोनशे तिसाव्या नगाला ती खुर्ची ओढेनाशी झाली, तेव्हा मी ओढू लागले.

शेवटचा नग एका ढगाळ दुपारी झाला. आईला आम्ही दोघांनी उचलून बसवलं होतं. दादा माझ्याशी बोलत नव्हता, पण तिला एकटीला पाठवायला तयार नव्हता. चाळिसावी ओळ संपली. तिचे हात बटणांवरून घसरून मांडीवर पडले, उताणे. दादाने ते उचलून पाहिले आणि परत ठेवले. ते नुसतेच हात होते.

तीनशे खोकी दारापाशी रचलेली होती. कुणीही बंद न केल्यामुळे टेबलावरच्या नगाचा पडदा उजळत होता. मी स्विच दाबायला गेले तेव्हा पडद्यावर चाळीस ओळींखाली एक एक्केचाळिसावी ओळ दिसली. तपासणीच्या कागदावर नसलेली. मुलीला खायला दिलं का, असं तिच्यात होतं. मी वाचलं आणि बंद केलं. दादाला सांगितलं नाही.

७

यंत्रं शाळांत पोचली. फोन येऊ लागले, सगळे कौतुकाचे. एक मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, मुलं त्याच्यासमोर बसली की शहाण्यासारखी वागतात हो, घरी आईसमोर वागत नसतील तशी.

घरी आई पलंगावर होती. पहिले दोन आठवडे आमच्या काही लक्षात आलं नाही. मग दादाने सांगितलं. ती सकाळी सव्वाआठला डोळे उघडते. साडेआठपासून बोटं हलतात. दहा ते एक ती सगळ्यात चांगली असते, गिळते, नजर फिरवते, एकदा हसलीसुद्धा. दुपारी अर्धी झापड. साडेचारला खटकन मान पडते आणि मग तिला हलवा, हाका मारा, काही नाही. रविवारी ती डोळे उघडतच नाही. रविवारी पाण्याचा थेंबही जात नाही.

शाळांचं वेळापत्रक त्यालाही माहीत होतं.

मी त्या रविवारी जवळच्या शाळेत गेले. शिपायाकडून खोली उघडून घेतली, एका यंत्राचा स्विच दाबला आणि दादाला फोन लावला. तो आईच्या उशाशी होता. म्हणाला, डावी करंगळी हलली. मी बंद केलं. थांबली म्हणाला. मी पुन्हा चालू केलं.

"हलली," तो म्हणाला, आणि मग, "पुन्हा नको करूस. मला बघवत नाही."

८

लांब सुट्टी चाळीस दिवसांची असते.

मी अकराही शाळांना फोन केले. यंत्रं चालू ठेवा म्हटलं, वीज मी बघते, माणूस मी ठेवते. सगळ्यांनी नम्रपणे नाही म्हटलं आणि सगळ्यांनी एकच कारण दिलं. प्रत्येक खोक्याबरोबर मी एक माहितीपुस्तिका दिली होती. माझ्याच हातची, चित्रांसकट. तिच्यात चौथ्या पानावर ठळक अक्षरांत होतं: सुट्टीच्या काळात सर्व यंत्रे बंद ठेवावीत. शाळांना लेखी नियम मोडता येत नाहीत, बाई, एक मुख्याध्यापक म्हणाले, तुम्हीच असं म्हणालात तर मुलांनी काय शिकावं?

शेवटच्या दिवशी दुपारी दोनपर्यंत दहा शाळा बंद झाल्या. उरली ती एक, जिथल्या बाई मला मुलीसारखं मानायच्या. चोवीस यंत्रं, आठाच्या तीन रांगा. शेवटची पाहणी करते, किल्ली मी ठेवते, असं सांगितल्यावर त्यांनी विश्वासाने किल्ली दिली. मुलं चारला गेली. मी एकही यंत्र बंद केलं नाही. फोन टेबलावर ठेवून दादाशी जोडलेली राहिले. तो म्हणाला, डोळे अर्धे उघडे आहेत, श्वास चालू आहे. चोवीस यंत्रांइतका श्वास. मला वाटलं, एवढं पुरेल. चाळीस दिवस मी इथे बसेन.

साडेचारच्या जरा आधी दादा म्हणाला की आई उठून बसलीय. महिनाभर तिला उठवायला दोघं लागत होते. मग म्हणाला, उभी राहिलीय. त्याचा आवाज अगदी सपाट झाला होता. ती खोलीच्या दाराशी गेलीय. हात पुढे केलाय, काहीतरी दाबल्यासारखा.

माझ्या खोलीत दाराजवळचा पहिला पडदा विझला.

दादा सांगत राहिला. एक पाऊल पुढे. पुन्हा हात. एक पाऊल. मला त्याची गरज नव्हती, मी पाहत होते. दुसरा पडदा, तिसरा, रांगेने, घाई न करता, जसं कुणी कारखान्यातली दिवसपाळी संपवून दिवे मालवत निघतं. पहिली रांग संपली, वळण घेतलं, दुसरी सुरू झाली. प्रत्येक स्विच खाली जाताना टक् असा आवाज यायचा आणि त्याच क्षणी फोनमधून आईच्या पावलाचा.

तिसऱ्या रांगेत सात विझले तेव्हा मला भान आलं. मी धावले आणि चोविसाव्या यंत्राच्या स्विचखाली अंगठा घातला.

स्विच अंगठ्यावर टेकला. त्याने जोर केला नाही. लहान मुलाचा हात शेगडीपासून बाजूला करावा, तितकंच ढकलणं होतं ते. मी अंगठा तसाच रेटून धरला.

फोनमधला पावलांचा आवाज थांबला. मग दादा हळू म्हणाला की ती थांबलीय, हात पुढेच आहे, वाट बघतेय. आणि मग तो रडत होता, कारण आई बोलली होती. वर्षभरात पहिल्यांदा.

मी विचारलं काय म्हणाली.

"म्हणाली, पाळी संपली. हात काढ."

आज सहावा दिवस आहे. स्विचवर मी चिकटपट्टीचे नऊ पदर लावलेत आणि शिवाय खाली अंगठाही ठेवते. बाईंना वाटतं मी दुरुस्ती करतेय, त्या डबा पाठवतात. घरी आई उभी आहे. दादाने तिला बसवायचा प्रयत्न केला, गुडघे वाकत नाहीत. पुढे केलेल्या हाताखाली त्याने उंच स्टूल ठेवलंय आणि पायांखाली गादी, कारण पाय सुजून काळे पडायला लागलेत. ती चमच्याने दिलेलं गिळते. ती जिवंत आहे. हे मी दादाला रोज सांगते. तो रोज सकाळी फोन करतो आणि एकच वाक्य बोलून ठेवून देतो, जे तिने सांगितलं तेच.

पट्टीखालून स्विच अजून ढकलतो. काल त्यात जोर होता. आज एखाद्याने बाही धरावी इतकंच आहे. मी अंगठा काढलेला नाही.